पावडरचा डबा

ता. ४ जून

चि. शहाणीस,
आजीचे खूप आशीर्वाद. मला कुठलं लिहायला येतंय! मी सांगतेय, लिहितोय तुझा बाप. तेव्हा त्याच्याबद्दलचं वाईटसाईट तो गाळणार, हे धरून चाल.
हेड ऑफिसात मोठी साहेबीण झालीस म्हणे. कंपनीने कुठली चिप बनवायची, ते आता तू ठरवणार. इथल्या कारखान्यात तुझा बाप अजून तोच पांढरा झगा चढवतो. कण उडाला तर चिप बिघडते, म्हणून आयुष्यभर तोंडाला पावडर नाही. लग्नातही तसाच घामट उभा होता, फोटो बघ.
तो काम करतो ती जुनी लाइन बंद होणार, अशी कुजबुज आहे. तो विचारायचा नाही, म्हणून मी विचारते. बघ, इथे पेन थबकलं त्याचं. खरं ते कळव.
लोभ आहेच, तो आटायचा नाही.
तुझी आजी

ता. १५ जून

ती. आजीस,
सा. न. वि. वि.
खरं आहे. प्रतिस्पर्धी कंपनीने आपलं निम्मं मार्केट खाल्लंय. म्हणून सगळा पैसा नव्या चिपवर लावायचा. सुरुवातीला बऱ्याच खराब निघतील, तरी ढिगाने बनवून स्वस्तात विकायच्या, म्हणजे त्यांची गिऱ्हाइकं आपल्याकडे वळतील. त्यासाठी जुन्या लाइन बंद. बाबांची सगळ्यात आधी. योजना माझीच आहे.
हे बाबाच तुला वाचून दाखवणार, ठाऊक आहे. फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. बाबा, रागवा, पण बोला.
माया असू द्या.
तुमची शहाणी

ता. २ ऑगस्ट

चि. शहाणीस,
आशीर्वाद. अक्षर शेजारच्या मास्तरीणबाईंचं आहे. तुझा बाप लिहायला बसत नाही.
तुझं पत्र मात्र त्याने पुरतं वाचलं, एक शब्द गाळला नाही. पेपर वाचावा तसं. मग मला विचारलं, चहा टाकू का. मी म्हटलं, अरे, पोरीला चार शब्द सुनाव. तर म्हणाला, तिचं गणित बरोबर आहे, मीही हेच केलं असतं. भांडला असता तर मी मध्ये पडले असते गं. आता कुणाच्या मध्ये पडू?
शुक्रवारी लाइन बंद झाली. आज आंघोळ करून आला आणि माझा पावडरचा डबा मागितला. तोंडाला, मानेला, भसाभस लावली. मी म्हटलं, नवरदेव, निघालात कुठे? म्हणाला, कुठेच नाही.
लोभ दोघांवरही आहे. सध्या पुरवून पुरवून वापरते.
तुझी आजी