एकतीस जण हो म्हणाले

१ सप्टेंबर
एमएस्सीला आमचे सर म्हणाले होते, "औषध शोधायचं तर आधी झाड नका शोधू, म्हातारं माणूस शोधा." त्याला तेवीस वर्षं झाली. आज माणूस सापडलं. मी कॉलेजात शिकवते त्या सेकंड इयरच्या मोहिनीची आजी, मंजुळाबाई. शिरूर कासारजवळच्या वस्तीवर शेळ्या राखते. पीएचडीची शेवटची मुदत ३१ ऑक्टोबर. भरपूर वेळ आहे.

झाड मात्र मी आधीच निवडून ठेवलंय. माळावरचं खरखरीत पानांचं एक झुडूप. त्याच्या कुळातलं दुसरं एक झाड काविळीवर चालतं, असं एका पेपरात आहे. आता हेही चालतं, एवढंच लोकांकडून वदवून घ्यायचं. म्हणजे, विचारायचं.

संकल्प: घरोघरी चहा नको म्हणायचं. शुगर काठावर आहे.

४ सप्टेंबर
मंजुळाबाईंना फोटो दाखवला. हे काविळीला देता ना, म्हणून विचारलं. त्यांनी मोहिनीकडे पाहिलं आणि हो म्हणाल्या. नाव विचारलं तर गप्प. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर लिहिलं, स्थानिक नाव: गुप्त. असलं ज्ञान लोक सहज देत नाहीत. फॉर्म मोठ्याने वाचून दाखवला, सही घेतली.

त्यांच्या शेळ्या त्या झुडपाला तोंड लावत नाहीत. औषधाचा मान जनावरांनाही कळतो.

चहा दोन कप. नको म्हणणं बरं दिसत नाही.

११ सप्टेंबर, संध्याकाळ
नऊ घरं, नऊ होकार. ताराबाईंनी तर फोटो उलटा धरूनच ओळखला. मोहिनी माझ्या आधी घरात शिरते, काहीतरी कुजबुजते. ओळख करून देत असणार. गुणी मुलगी.

चहा नऊ.

२२ सप्टेंबर
एकतीसपैकी एकतीस. गाईडना फोन केला. म्हणाले, मॅडम, एवढं एकमत आमच्या ग्रामसभेत चहा मागवण्यावरही होत नाही. सर सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत.

५ ऑक्टोबर
मोहिनीला सहज विचारलं, घरात जाऊन काय सांगायचीस. खाली बघत म्हणाली, हेच की, "हो म्हना, प्रॅक्टिकलचे मार्क मॅडमच्या हातात हायेत."

अर्धा तास वाईट वाटलं. पण मुळात काही असल्याशिवाय एकतीस माणसं हो म्हणतील का? आणि नव्याने फिरायला वेळ कुठे आहे? फॉर्म ठेवले तसेच.

१४ ऑक्टोबर
शिरूरच्या स्टँडवर एका आजोबांच्या पिशवीत माझं झुडूप. काय आहे विचारलं. म्हणाले, "मॅडमचा पाला हाय. काविळीला लई भारी. कालेजच्या एक मॅडम घरोघर इचारीत फिरत होत्या. उगंच फिरतील का एवढ्या उन्हात?"

मीच ती, हे सांगितलं नाही. म्हणजे स्थानिक नाव मिळालं. एकतीस फॉर्मवर 'गुप्त' खोडून 'मॅडमचा पाला' लिहिलं.

१९ ऑक्टोबर
मोहिनी चार दिवस कॉलेजला नाही. फोन केला. तिच्या वडिलांना, नाथाभाऊंना, कावीळ झालीय. आजी सकाळ-संध्याकाळ वाटीभर रस पाजते. मॅडमचा पाला. उलट्या थांबत नाहीत.

दुपारच्या गाडीने वस्तीवर गेले. नाथाभाऊ ओसरीत पडलेले, डोळे हळदीसारखे. मला बघून उठायला लागले. मंजुळाबाईंना म्हटलं, मावशी, हे औषध नाही. मला ठाऊक नव्हतं, मी नुसतं विचारत होते. ह्यांना बीडला दवाखान्यात न्या.

त्या म्हणाल्या, "कावून घाबरता बाई? एकतीस जनांनी सह्या केल्यात. तुमीच तर कागद वाचून दाखिवला."

म्हटलं, पण तुम्ही याआधी कधी कुणाला दिला होता का?

"आमाला कुटं ठावं हुतं? तुमच्यामुळं कळलं."

परत निघताना त्यांनी माझ्या पिशवीत थोडा पाला घातला. माझंही तोंड पिवळं दिसत होतं म्हणे.

२० ऑक्टोबर, सकाळी सहा
एकतीस फॉर्म फाडले. गाईडना कळवलं. भाड्याची जीप दारात उभी आहे. मंजुळाबाई फोन घेत नाहीत. मोहिनीला मेसेज टाकला. ती आपल्या मॅडमबद्दल असं बोलणार नाही, आणि बोलली तरी आजी तिला गप्प करेल. तरी टाकला:

"मोहिनी, जीप घेऊन येतेय. तोवर वडिलांना रस देऊ नको. आजीला स्पष्ट सांग, आमच्या मॅडमला औषधातलं काही कळत नाही."