पायाखालची फळी

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा बंद पडलं! तिसरी धून, दोन मिनिटं चाळीस सेकंद. आधी चरचर, मग आवाज अडकतो, मग मिक्सिंगचा अख्खा प्रोग्रॅमच मिटतो. सकाळपासून चौथ्यांदा. सातव्या आणि नवव्या धुनेतही हेच, फक्त जागा वेगळ्या.

घाबरायचं काही नाही. वीस वर्षं हे काम करतेय. संगणक रुसतो, मी कारण शोधते, तो गुमान चालायला लागतो. पापांची रेकॉर्ड अठ्ठावीसला छापायला जायची आहे, ती जाणारच. अकरा धुना — त्यांच्या आजोबांकडून आलेल्या, आमच्या अख्ख्या जोलिएत गावात दुसऱ्या कुणाला न येणाऱ्या. नोव्हेंबरात दर रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात ध्वनिमुद्रण केलं. पापा खुर्चीत, हनुवटीखाली व्हायोलिन, आणि दोन्ही बूट खालच्या फळीवर ताल धरून. एकेका पायाला एकेक माइक दिला होता. आमच्याकडच्या लोकसंगीतात पाय म्हणजे अर्धं वादन.

५ फेब्रुवारी

बफर वाढवला. साउंड कार्डाचा ड्रायव्हर नवा टाकला. केबल बदलली. दोन मिनिटं चाळीस — धप्प!

दुपारी लिझेट आली. रेकॉर्डवर पियानोची साथ तिची. बूट झटकत म्हणाली, "तुझ्या त्या संगणकाच्या पेटीला वाटाण्याचं सूप पाज गं. थंडी बाधलीय तिला."

"पेटी ठणठणीत आहे. तुझा पियानो जड जातोय."

"माझा? बाई, तो तू इतका बारीक ठेवलायस की मलाच ऐकू येत नाही!"

हसलो खूप. संगणक मात्र तसाच.

७ फेब्रुवारी

पापांना फोन केला. त्या तीन धुना पुन्हा वाजवाल का? रविवारी माइक घेऊन येते.

"नाही. वाजवलं ते वाजवलं."

"पण पापा —"

"तुझं यंत्र दमलंय, पोरी. मी नाही."

हट्टी म्हातारा! पण फोन ठेवल्यावर जरा चमत्कारिक वाटलं. जेवणाला नाही म्हणतील, चर्चला नाही म्हणतील. व्हायोलिनला अठ्ठ्याहत्तर वर्षांत कधी नाही म्हणाले नसतील.

८ फेब्रुवारी, शनिवार

सापडलं! सापडलं!

एकेक ट्रॅक बंद करत गेले. उजव्या पायाचा बंद केला आणि तिन्ही धुना शेवटपर्यंत धावल्या. मग मूळ कळलं. चूक माझीच. या धंद्यात कोरी पाटी कुणी घेत नाही. जुन्या कामाची प्रत काढायची आणि त्यातच नवं भरायचं. मी काढली होती रेडिओच्या जाहिरातींची. तिच्यात प्रत्येक ट्रॅकवर गेट — आवाज ठरावीक पातळीखाली गेला की दार लावून घेणारं. बोलणाऱ्या माणसाला ठीक. आणि गेटच्या पुढे माझा जुना रिव्हर्ब, आवाजाला खोलीचा घुमारा देणारा; त्याला निखळ शांतता पचत नाही. विझत गेलेला आवाज लहानाहून लहान आकड्यांत मोजत बसतो आणि संगणकाचा दम काढतो.

गेट काढलं. अकराच्या अकरा धुना, न अडखळता! लिझेटला कळवलं, "सूप मीच प्यायले."

११ फेब्रुवारी

बटाटे सोलता सोलता हात थांबला.

दोन ठोक्यांच्या मधे दार लागतं, पण लगेच उघडतं. तेवढ्या फटीत रिव्हर्ब गुदमरत नाही. त्याला लांबलचक शांतता लागते. म्हणजे ठोकेच नव्हते?

उजव्या पायाचा ट्रॅक एकटा लावला. गेट नाही, काही नाही. ३ नोव्हेंबरच्या धुना — पाय भक्कम. १० तारखेच्या — शेवटच्या आवर्तनात पुसट. १७ ची ही तिसरी धून. दोन मिनिटं अडतीसपर्यंत पाय आहे, मग बूट फळीवर घासल्याचा एक आवाज, आणि पुढे काही नाही. लांबून येणारं व्हायोलिन तेवढं. मग डावा ऐकला. तो तिथून दुप्पट ठोके देतोय. दोघांचं काम एकटा करतोय, म्हणून एकत्र ऐकताना मला कळलंच नाही.

मी त्यांच्यापासून चार हातांवर बसले होते! कानाला हेडफोन, डोळे पडद्यावरच्या पट्ट्यांवर. त्यांच्या पायांकडे एकदाही पाहिलं नाही.

यंत्र चार दिवस त्याच जागेवर बोट ठेवत होतं. आणि मी ते दुरुस्त केलं.

१२ फेब्रुवारी

पापांकडे गेले. माइक नेला नाही.

"कधीपासून?"

"बर्फ पडायच्या आधीपासून. आधी रेकॉर्ड होऊ दे, मग डॉक्टर."

"आधी डॉक्टर." शुक्रवारची वेळ घेतली, त्यांच्यासमोरच.

मग मी त्यांच्या उजवीकडे खुर्ची ओढून बसले. माझा बूट फळीवर टेकवला.

"वाजवा, पापा."