यादी स्वच्छ झाली, अभिनंदन!

चि. सुजीत यास,

बहारीनहून सरिताताईचा जय भीम. (आशीर्वादही देणार होते, ते तूर्त राखून ठेवलेत.) भाषणं ठोकून बसलेला घसा सोडला तर तुझी तब्येत उत्तम असेल. माझं बीपी वाढलंय आणि त्याचं कारण तू आहेस.

आठवतंय ना, आमदारकीचा उमेदवार म्हणून तू व्हिडिओ कॉलवर बोललास, तेव्हा इथली सगळी मराठी मंडळी माझ्या हॉलमध्ये दाटीवाटीने बसली होती. एकही बोगस मत पडू देणार नाही, मतदार यादी स्वच्छ करीन, आणि खरा मतदार जगात कुठेही असो, त्याला मत देता आलंच पाहिजे! टाळ्या काय, शिट्ट्या काय! मी तर डोळे पुसले. (भजी तळता तळता. तेही मीच केलं.) त्याच भरात तिकीट काढलं. आमचा मॅनेजर कमाल रजेच्या अर्जावर सही करताना बघतच राहिला, मत द्यायला विमानाने? मी ऐटीत म्हटलं, हा हक्क आम्हाला बाबासाहेबांनी दिलाय, रजेसाठी सोडायचा नसतो. शेजारच्या टेबलावरच्या इक्राने बजावलं, येताना शाईचं बोट दाखवायचं.

आणि बूथवर काय? पांढरीशुभ्र साडी नेसून, उन्हात ताटकळून आत गेले, तर नाव नाही! अरे, परदेशी राहणाऱ्यांची नोंद मी पासपोर्ट लावून रीतसर केली होती, गेल्या खेपेला मतही दिलं होतं. मग कळलं तुझ्या स्वच्छतेचं. तुझी माणसं दारोदार फिरली, जो घरात दिसला नाही त्याच्या नावावर हरकत! आपल्या घरी तुझा उजवा हात रामजी आला (माझ्या लग्नात पुन्हा पुन्हा जिलेबी वाढून घेणारा तोच), आईच्या हातचे पोहे चापले आणि सरिता कुठे म्हणून विचारलं. आई बिचारी कौतुकाने म्हणाली, बहारीनला. खलास! कायमची स्थलांतरित. तोच रामजी बूथवर तुझा एजंट होऊन बसलेला, आणि मला म्हणतो, ताई, नियम आहे.

मग तुझा फोन आला. वाटलं, माफी मागशील. तर तू हसलास! म्हणालास, "ताई, तुझं मत मलाच होतं, म्हणजे नुकसान माझंच झालं, तू कशाला चिडतेस?" डोकंच फिरलं माझं. मत माझं आणि नुकसान तुझं? मी काय तुझ्या खिशातला रुमाल आहे? इकडे आल्यावर इक्राने बोट मागितलं, तेव्हा हात पर्समध्ये खुपसून बसले. लाज वाटली रे, आणि चूक माझी नव्हती.

तुझी (अजून तरी) ताई,
सरिता

ता. क. हरकत चुकीची होती असं तुझ्या सहीने लिहून दे आणि माझं नाव यादीत परत घालून घे. पत्र लिहायचं खरं कारण हेच.

आणखी ता. क. निवडून आलास, अभिनंदन. तुझं नुकसान मात्र काही झालेलं नाही, जिवाला लावून घेऊ नकोस. मी मथुराबाईंना मत द्यायला आले होते. आईचं पेन्शन अडलं तेव्हा तू सभेत होतास, आणि तुझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या त्या बाईंनी तिला स्कूटरवर मागे बसवून तहसील कचेरीत नेलं. आता हे कळल्यावरही माझं नाव परत घातलंस, तर तुझं ते भाषण खरं होतं असं मानीन.