राहिलेलं ‘ये’

पांढरकवडा, १२ जून १९५७
द्विभाषिक राज्य स्थापन झाले, दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. पण आमच्या नव्या बिऱ्हाडाच्या दाराला कडी नाही. नागरिकाने दाराला पाटा टेकवून झोपावे, हे घटनेच्या कोणत्या कलमात बसते? घरमालक मोहिउद्दीन मिस्त्री ट्रकची इंजिनं उघडतो. दारं बंद करणं त्याच्या धंद्यात येत नसावं. बाकी झकास. शाळा जवळ, साताऱ्यापेक्षा पगार बरा, कुमुद खूष.

बाजाराला निघताना ती छत्रीचं टोक उंबरठ्यावर टकटक वाजवत उभी राहिली. ‘येते’ म्हणायचं आणि मी ‘ये’ म्हणेपर्यंत पाऊल उचलायचं नाही, हा तिचा लग्नापासूनचा नेम. मी व्याकरणाचा मास्तर. जाणाऱ्या बाईने ‘येते’ म्हणावं हे मला खपत नाही, म्हणून मुद्दाम ताटकळत ठेवतो.

२७ जून
इन्फ्लुएंझाची साथ. शाळा बंद. साप्ताहिकासाठी विनोदी लेख लिहायला घेतलाय. मनोविश्लेषणवाले म्हणतात, दुसरा मरतो हे माणसाला पटतं; आपण मरू, हे मनाच्या तळाला कधीच पटत नाही. पुरावा म्हणून मी स्वतःलाच सादर केलं. कुमुद हसली, मग खोकली.

२ जुलै
मिस्त्रीच्या ट्रकमधून कुमुदला दवाखान्यात हलवलं. उंबरठ्याशी थांबून म्हणाली, येते. मी म्हटलं, आज तरी शुद्ध बोल, ‘जाते’ म्हण. तिला हसवायचं होतं. ती वाट बघत राहिली. लोकांनी उचललं तिला.

३ जुलै
पहाटे कुमुद गेली.

९ जुलै
डोळ्यांत टिपूस नाही. लेख पुरा केला. शोक म्हणजे गुंतवलेली माया एकेक टाका उसवून परत घेणं. ज्याला उसवता येत नाही, तो मेलेल्या माणसाला घरात ठेवून घेतो. वाक्य बरं जमलंय.
मिस्त्रीने आज कडी बसवली. म्हणाला, “मास्तर, रडून घ्या ना. कायले दाबून राह्यले? भाभीले जाऊ द्या.” मी म्हटलं, गेलीच की.

१३ जुलै
दिवेलागणीला उंबरठ्यावर टकटक. कडी काढली. कोणी नाही. छत्री आत, खुंटीला. टोकाला ओला काळा चिखल.

१४ जुलै
पुन्हा. ती गेलेलीच नाही. उत्तर मिळाल्याशिवाय पाऊल कशी उचलेल —
अंग तापलंय. आपण मरू हे तळाला — पटतंय.

१६ जुलै
भरदुपारी टकटक. ‘जा’ म्हणता येत नाही, आपल्यात जाणाऱ्याला कोणी ‘जा’ म्हणत नाही. निरोपाचा शब्दही ‘ये’, बोलावण्याचाही ‘ये’. ती कोणता ऐकेल —

१७ जुलै
रडलो. पहिल्यांदाच. तिचं एक अक्षर देणं लागतो, ते ठेवून मरणं — नको.
कडी लावलेली आहे. पाहिली.
हळूच म्हटलं, ये, कुमुद.
टकटक थांबली. पाऊल उचललं तिने. आता छत्रीचा आवाज रस्त्याकडे जायला हवा — तो उंबरठ्याच्या अलीकडे—