उघडे गुडघे

आई,

समोरच्या घरातली तुझी गोरी मैत्रीण गेली. गेल्या शनिवारी इथे ग्वेल्फमध्येच तिला मूठमाती दिली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या खोलीचं आम्ही केव्हाच ऑफिस करून टाकलं. तरी ही बातमी आधी तुलाच सांगावीशी वाटली, कारण आपल्या माणसांत तिला खरं ओळखणारी तू एकटीच होतीस. तेही इंग्रजीचा एक शब्द न येता. मला ती शिकवायची इंग्रजीत, पण तुझ्याशी तिचं जे काही चालायचं ते कुठल्या भाषेत, हे मला कधीच कळलं नाही.

शाळेतून रिटायर झाल्यावर तिने तिच्या बेसमेंटमध्ये मला बॅगपाइप, तो पिशवीत हवा फुंकून वाजवायचा स्कॉटिश बाजा, शिकवला, पुढे तिच्या बँडमध्येही घेतलं. तू पहिल्यांदा राहायला आलीस त्या हिवाळ्यात मी बँडबरोबर परेडला निघालो होतो. तू किचनमधून आलीस, हाताला कणीक लागलेली, आणि मला वरपासून खालपर्यंत बघितलंस. बाहेर शोव्हल केलेल्या बर्फाचे ढीग कमरेला लागलेले. "काय बाप्पा हे! घागरा घालून कुठे निघालास?" मी म्हणालो, "किल्ट म्हणतात आई याला. बँडचा ड्रेस आहे." "असेल ड्रेस. पण गुडघे काहून उघडे? देवानं दिले म्हणून सगळ्यांना दाखवायचे का?" मी हसत निघून गेलो, आणि संध्याकाळी परत आलो तेव्हा गुडघे असे लालभडक झाले होते की तू तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करून शेकत बसलीस.  

दुसऱ्या दिवशी तू तिलाच चहाला बोलावलंस. म्हणजे रस्ता ओलांडून गेलीस आणि हाताला धरून घेऊन आलीस. माझ्या किल्टकडे बोट दाखवून, मग स्वतःच्या गुडघ्यावर हात मारून तू तिला जाब विचारलास. ती खूप हसली. मग आपल्या किचनमध्ये उभं राहून तिने सरळ स्वतःचा स्कर्ट वर केला आणि आतली जाड लोकरीची अर्धी विजार दाखवली. कॉटन नको, घाम धरून ठेवतं, हे तिचं म्हणणं मी तुला मराठीत समजावून सांगितलं. किल्टला इतकी लोकर लागते की कंबर, मांड्या उबदारच राहतात, मोजे गुडघ्याखाली दुमडायचे, उभं राहायचं तर पायाखाली पुठ्ठा घ्यायचा. तू मान हलवत ऐकलंस आणि बॅगेतून बाबांची शाल काढलीस. मी म्हणालो, "आई, ती नको कापू." तू म्हणालीस, "ते काय आता पांघरणार आहेत?" दोन दुपारी बसून हाताने शिवलीस ती चड्डी. तिने उलटीसुलटी करून टाके तपासले आणि "परफेक्ट" म्हणाली. तू मला विचारलंस, "पास केलं का तिने?"

शनिवारी तीच घातली होती. तिच्या मुलीचा फोन आला होता: ममची इच्छा होती, खड्ड्यापाशी तू वाजवावंस, किल्ट घालून. हवामान इतकं वाईट की मुलगी स्वतःच म्हणाली, पॅन्ट घातलीस तरी चालेल. मी म्हणालो, नाही. पायाखाली पुठ्ठा घेतला, बॅगपाइप शेवटपर्यंत कोटाच्या आत छातीशी धरून ठेवला. आणि सांगतो, पाय मस्त उबदार होते. पाद्री थांबले, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी फुंकलं, आणि आत गेलेला माझाच श्वास रीडवर, सूर काढणाऱ्या त्या पातळ पात्यावर, गोठला. गळा दाबल्यासारखा एक आवाज आला आणि बंद. पुन्हा फुंकलं. बोटं भोकांवर होती की नव्हती तेही कळेना. म्हातारे लोक वाऱ्यात थरथरत उभे होते, कुणाला जाताही येईना. शेवटी मीच म्हणालो, "सॉरी. फ्रीझ झालाय." तिच्या मुलीने माझ्या दंडाला हात लावला आणि "इट्स ओके" म्हणाली. त्या हातात काही राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मग शवपेटी खड्ड्यात सोडली, नुसत्या सरकणाऱ्या पट्ट्यांच्या आवाजात.

सगळे हॉलमध्ये कॉफीला गेले. मी गाडीत हीटर लावून बसलो, बॅगपाइप मांडीवर. थोड्या वेळाने फुंकून पाहिलं तर स्वच्छ सूर. तसाच धावत परत गेलो. माती टाकून झाली होती, माती लोटणाऱ्या यंत्रावरचा माणूस तेवढा होता. तीन-चार सूर वाजले आणि पुन्हा गोठले.  मी उभाच राहिलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

तिथे तुझी आठवण आली, आई. तू नागपूरला मे महिन्यात गेलीस. मी टोरोंटोहून मिळेल ते फ्लाइट घेतलं, तरी पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं. दादा म्हणाला, "या उन्हात थांबवता येईना रे." त्याचं बरोबरच होतं. तिथे उन्हाने थांबू दिलं नाही, इथे थंडीने वाजवू दिलं नाही. मी दोन्हीकडे नुसता उभा. इतकी वर्षं इंजिनिअर म्हणून काढली, काहीही बिघडलं की मला बोलावतात, आणि जिथे माझं काम होतं तिथे माझ्या हाताने काही झालं नाही.

हे कुठे पाठवणार? पाठवायचं नाहीच. फक्त एक राहिलंय. दर रविवारी फोन ठेवताना तू विचारायचीस, "थंडी वाजत नाही ना रे फार?" आणि मी म्हणायचो, "छे गं, सवय झाली." नाही झाली, आई. वाजते.