फाउस्तोने चोरलेली वाक्यं

४ जुलै
आजपासून रोजनिशी. अकरा वर्षं अर्ध्या दिवसाच्या टूरवर जे बोललो, ते कुठेतरी टिकायला हवं. कुस्कोत गाइड पैशाला पासरी, पण साक्साय्वामानच्या इंका किल्ल्यातल्या एका दगडासमोर चाळीस मिनिटं बोलणारा मी एकटाच. आज चौदा जण होते. शेवटी दोन उरले. उंचीचा त्रास, दुसरं काय! खालून आलेल्यांना इथली हवा झेपत नाही, जांभया येतात. बाकीचे बारा व्हॅनपाशी. तिथे आमचा ड्रायव्हर फाउस्तो थर्मासमधून कोकाच्या पानांचा चहा देतो ना, म्हणून. माणूस साधा. अकरा वर्षांत माझ्या बोलण्यात कधी तोंड घातलं नाही.
संकल्प: चाळीसची पस्तीस मिनिटं करायची.

६ जुलै
करणार होतो, पण एक नवा मुद्दा सुचला. पन्नास झाली.

९ जुलै, संध्याकाळी
फाउस्तो घरी आला. हातात आमंत्रणाचा, ओरोपेसा गावचा परातीएवढा गोड पाव, काखेत बाटली. म्हणाला, प्रोफेसर, हुर्का घेऊन आलोय, माझ्या कार्याला पाद्रिनो तुम्हीच व्हायचं. भरून आलं मला. पाद्रिनो म्हणजे यजमानाच्या बरोबरीचा, कार्याचा सगळा मान आपल्याला! मी त्याला इंकांच्या पाण्याच्या पाटांबद्दल सांगत होतो, सांगता सांगता अर्धा पाव संपवला. तो दोनदा म्हणाला, आधी ऐकून तर घ्या. मी म्हटलं, अरे, घरच्या माणसाने कसले खुलासे करायचे! नेली स्वयंपाकघरातून ओरडली, अहो, कसलं कार्य ते तरी विचारा. बायकोला प्रत्येक गोष्टीत संशय. नातवाचं जावळ असणार. भाषण लिहायला घेतलं.

१४ जुलै
जावळ नाही. व्हॅन! फाउस्तोची स्वतःची, नवीकोरी. नोकरी सोडली म्हणे. आणि संध्याकाळचे वर्ग करून गाइडचं लायसन्सही काढलंय. टूर तीच, निघायची वेळ तीच, दुपारी दीड. आणि त्या व्हॅनवर बाटली फोडायला पाद्रिनो कोण? मी!
अस्तनीतला निखारा. अकरा वर्षं आरशातून माझ्याकडे बघायचा, मला वाटायचं कौतुकाने. मेला पाठ करत होता!
नेलीला सांगितलं, मी जाणार नाही. ती म्हणाली, पाव खाल्लात ना? मग जा गुपचूप. खरंच आहे. हुर्काचा पाव पोटात गेला की नाही म्हणता येत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नाही म्हटलं तर उद्यापासून गल्लीत तोंड दाखवायला नको.

१५ जुलै
उपाय सापडला. तसाच पाव आणून त्याला परत करायचा, फिटंफाट. ओरोपेसाला गेलो. पाववालीने विचारलं कशाला हवाय, मी सांगितलं. ती आधी स्वतः हसली, मग शेजारणीला बोलावून हसली. म्हणाली, काका, खाल्लेला पाव दुकानात मिळत नसतो.
पाव आम्हीच खाल्ला. चांगला होता.

२० जुलै
झालं एकदाचं कार्य. व्हॅनला माळा, रंगीत फिती, पुढे बँड. ठरवून गेलो होतो, चेहरा थंड ठेवायचा, बाटली फोडायची आणि निघायचं. पण दोन शब्द बोला म्हणाले. बाराव्या मिनिटाला बँड सुरू झाला. बँडवाल्यांना काही समज नाही.
मग फाउस्तोने मला मिठी मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, मी जो काही गाइड झालो तो या प्रोफेसरांचं ऐकून ऐकून. टाळ्या! डोळ्यांत पाणी आणून बोलत होता. मला घरी येईपर्यंत उमगलं नाही, ही तर चोराने दिलेली कबुली.
संकल्प: पुरावा गोळा करायचा.

२६ जुलै
काल पाच जण, आज तीन. एजन्सीची बाई म्हणाली, तुमची टूर काही दिवस बंद ठेवू या. मी म्हटलं, सीझन मंदावलाय. ती म्हणाली, जुलैत? ऐन गर्दीच्या महिन्यात?
कशाने झालं हे, मला कळत नाही का? माझीच वाक्यं माझ्यासमोर उभी करून माणसं पळवली. जेवण गेलं नाही. नेली म्हणाली, इतकं मनाला लावून घेऊ नका. मी म्हटलं, तुला काय कळणार, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

२ ऑगस्ट
गेलो. फाउस्तोच्या टूरवर, तिकीट काढून. टोपी, मफलर, काळा चष्मा, शेवटची सीट. वहीत दोन रकाने आखलेले. डावीकडे त्याने चोरलेलं वाक्य, उजवीकडे ते मी पहिल्यांदा कधी बोललो ते. मला त्याने ओळखलं नाही. चहा देताना म्हणाला, मागच्या पाहुण्यांना बिनसाखरेचा. मी तसाच घेतो, पण अंदाजाने म्हणाला असेल.
साक्साय्वामान. माझाच दगड. फाउस्तो चार मिनिटं बोलला. त्याचे आजोबा मेंढरं घेऊन इथून जाताना टोपी काढायचे, एवढंच सांगितलं. मग म्हणाला, दगड उन्हाने तापलाय, हात लावून बघा आणि जरा गप्प बसू या. सगळे बसले. कुणी व्हॅनकडे गेलं नाही. एकही जांभई नाही. उंची तीच होती.
मी पेन उघडून बसलो होतो. पुढचा थांबा केन्को, काही नाही. पुका पुकारा, काही नाही. ताम्बोमाचायच्या झऱ्यापाशी राहवेना. आवाज बदलून मीच विचारलं, हे पाणी इथवर येतं कसं? याचं उत्तर म्हणजे माझं सर्वांत गाजलेलं वाक्य! त्याच्या ओठांवर ठेवून दिलं मी. तर म्हणाला, ते मला नीट माहीत नाही, पण थंड आहे, हात धुऊन घ्या.
अकरा वर्षं! रोज दुपारी दीड ते साडेसहा! अरे, एक तरी चोरायचंस!
परतताना शेजारी आरेकिपा शहरातून आलेली एक बाई होती. माझी कोरी वही बघून हळहळली. म्हणाली, पहिल्यांदाच आलात वाटतं?
मी हो म्हटलं.
मग गाव येईपर्यंत तिने मला सगळं समजावून सांगितलं.