पाचशेतली एक

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.

पत्र आलं. ईमेल नाही, पत्र. जाड कागद, खाली शाईची सही. म्हणजे माणसं दर्जेदार.

त्या चौघांच्या जॅझ रेकॉर्डचा रीइश्यू, म्हणजे नवी छपाई, निघतेय. सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम्स. एका दुपारी वाजवून चौघे मोकळे झाले, पाचशे प्रती निघाल्या, तेव्हा कुणी हुंगूनही पाहिल्या नाहीत. आता एकेका प्रतीवर संग्राहक जीव टाकतात. मूळ टेप गोदामाच्या आगीत गेली, म्हणून कंपनीला एक चांगली जुनी प्रत हवी आहे, माझ्याकडे आहे तशी. तिच्यावरून नव्या बनवणार. प्रत देणाऱ्याचं नाव कव्हरच्या मागे. शिवाय कव्हरमागचा लेख 'आपल्यासारख्या जाणकाराने' लिहिला तर आनंदच होईल, असंही लिहिलंय.

एरवी रीइश्यू हा शब्द मी घरात उच्चारू देत नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, अशी ती जात. पण ही माझ्या प्रतीतून निघणार. तेव्हा ती गोष्ट वेगळी.

बायकोला पत्र वाचून दाखवलं. काहीतरी पुटपुटली. हल्ली फार पुटपुटते.

संकल्प: लेख पंधरा दिवसांत हातावेगळा करणे.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

ऑफिसात बातमी दिली. आमचं काम ठोकलेल्या गाड्या तपासून विमा कंपनीला नुकसान कळवण्याचं. नुकसान ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही. शेजारच्या टेबलवाल्याने विचारलं, तुमच्या रेकॉर्डची ग्रेड काय? त्याला पुन्हा श्रीगणेशापासून शिकवलं. मिंट म्हणजे कोरी. निअर मिंट म्हणजे जवळजवळ कोरी. व्हेरी गुड म्हणजे चालवून घ्या. गुड म्हणजे वाईट. तो म्हणाला, मग वाईटाला सरळ वाईट का नाही म्हणत? गाढवाला गुळाची चव काय!

माझी निअर मिंट. ग्रेड मी स्वतः दिलेली आहे, त्यामुळे शंकेला जागा नाही. बावीस वर्षं दर रविवारी वाजवतो, तीही टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीच्या, टोकावर एक नाणं ठेवून. सुई उडत नाही, खोबणीत घट्ट बसते. नवशिक्यांना ही युक्ती ठाऊक नसते.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपार.

लेखासाठी रेकॉर्ड तीनदा ऐकली आणि मोठा शोध लागला. ड्रमवाला झांजांना जवळजवळ हातच लावत नाही! बाकीचे ड्रमवाले नुसता छनछनाट करतात. हा गप्प. केवढा संयम! लेखाचं सूत्र हेच: 'न वाजवलेल्या झांजा'. हे आजवर जगात कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

मग मेहुण्याने वाढदिवसाला दिलेले तीन रीइश्यू लावून पाहिले. (मेहुणा बायकोचा धाकटा भाऊ. दातांचा डॉक्टर. संगीतात शून्य, हौस दांडगी.) तिन्हींतून झांजा गायब. इथे मात्र संयम वगैरे काही नाही, नव्या छपाईत सरळ मारल्यात. तिन्ही कंपन्यांना खरमरीत पत्रं टाकली.

लेखाचं पहिलं वाक्य झालं. उद्या दुसरं.

२३ फेब्रुवारी, रविवार.

एका कंपनीचं उत्तर. झांजा आहेत, कृपया आपली सुई तपासावी. नाचता येईना, अंगण वाकडं! तरी नवी सुई आणून बसवली. झांजा नाहीत ते नाहीतच. आता पुरावा पक्का झाला.

दाराची बेल बिघडली आहे. कुरिअरवाला दारात वीस मिनिटं उभा होता म्हणे. इलेक्ट्रिशियन आला, चार वेळा बटण दाबलं, बेल ठणठणीत आहे म्हणाला. बायकोनेही मान हलवली. दोघांची मिलीभगत. इलेक्ट्रिशियनची ग्रेड: गुड.

दुसऱ्या वाक्यासाठी पहिलं वाक्य बदलावं लागलं.

४ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ७.

आजचा दिवस वाया. एका बाईंच्या गाडीला मागून धक्का बसलेला. बंपर बदलून दिला होता, तरी चालवताना चाकातून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो अशी त्यांची तक्रार. मी गॅरेजमध्ये खाली बसून, चाक फिरवून ऐकलं. आवाज नाही. क्लेम नामंजूर. बाई भडकल्या. गॅरेजवाला म्हणाला, साहेब, आवाज येतोय की. दोघांना शांतपणे सांगितलं, मी बावीस वर्षं जॅझ ऐकतो आहे.

साहेबांनी संध्याकाळी दुसरा माणूस पाठवला. त्याला आवाज आला. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून बरंच काही सुनावलं. ते हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, त्यामुळे निम्मंच कळलं. निम्मं पुरेसं होतं.

९ मार्च, रविवार.

लेकीचा फोन आला. आईशी अर्धा तास. मला फोन दिला तर ती फार भरभर आणि पुसट बोलत होती. आजकालच्या पिढीला शब्दाचं शेवटचं अक्षर उच्चारायचं जिवावर येतं. हो हो म्हणून फोन परत दिला.

ती घरी फिरकली त्याला दोन वर्षं झाली. कारण मला माहीत आहे. ती पाच वर्षांची असताना आतली खोली मी रेकॉर्डना दिली. शाळा, कॉलेज, सगळा अभ्यास तिने हॉलमध्ये टीव्हीला खेटून टेबल मांडून केला. रेकॉर्डना ऊन, दमट हवा, धूळ चालत नाही. पोरांना चालते. नोकरी लागून बाहेर पडताना म्हणाली, बाबा, मला खोली नको होती, नुसतं एक दार हवं होतं. मी म्हणालो, दार तर आहे की, पुढचं. चूक झाली. बोलायला नको होतं. अजून टोचतं.

पण कव्हरच्या मागे बापाचं नाव छापून आलं की कळेल तिला, ती खोली कशासाठी होती. पहिली प्रत तिलाच. सही करून. वर काय लिहायचं तेही ठरलंय, लेख मात्र अजून व्हायचाय.

२२ मार्च, शनिवार. रात्री नोंद करणार नव्हतो, पण झोप येईना.

कंपनीच्या स्टुडिओत जाऊन आलो. रेकॉर्ड मांडीवर घेऊन चार तास गाडीत. गाडी मेहुण्याची, कारण आमची सर्व्हिसिंगला. वाटेत म्हणाला, ताईने सांगितलं म्हणून सहज माझीही प्रत आणली आहे, डिकीत आहे. मी हसलो. खरं तर पोट धरून हसलो.

त्याची प्रत म्हणजे काय? एका रेडिओ केंद्राने जुन्या रेकॉर्ड भंगारात काढल्या तेव्हा मला या दोन मिळाल्या. चांगल्या कव्हरची मी ठेवली. फाटक्या कव्हरची त्याच्या लग्नात आहेर म्हणून दिली. त्याच्याकडे प्लेअरच नव्हता. त्याने कव्हरसकट काचेच्या फ्रेममध्ये घालून दवाखान्यात टांगली. बावीस वर्षं दातदुखीची माणसं गाल धरून तिच्याकडे बघत बसली. किती वेळा कानउघाडणी केली त्याची! पालथ्या घड्यावर पाणी.

साउंड इंजिनियर म्हणजे एक मुलगी निघाली. आमच्या लेकीच्याच वयाची. माझी प्रत लावली, पाच मिनिटं ऐकली, बंद केली. भिंगाखाली धरून पाहिली. मग हळूच विचारलं, काका, ही कधी सुईवर वजन ठेवून वाजवली होती का? मी खुर्चीत पुढे सरकून नाण्याची युक्ती सांगितली. तिने भिंग खाली ठेवलं. मग म्हणाली, वरचे बारीक सूर खोबणीतून खरवडून गेलेत. सगळ्यात आधी झांजा जातात.

मी माझं सूत्र सांगितलं. संयम वगैरे. ती म्हणाली, नाही काका, त्याने वाजवल्यात. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मग मेहुण्याची लावली. दोघं एकदम ताठ बसली. मेहुणा म्हणाला, अरे वा, आमच्याकडे ट्रेमध्ये अवजारं ठेवल्यावर येतो तसा आवाज येतोय. ती हसली आणि म्हणाली, अगदी तस्साच. मला घरी येतं तेच ऐकू आलं. मी म्हणालो, हिच्यात ऊब नाही. त्यावर तिने मेहुण्याकडे एकदा पाहिलं. फक्त एकदा. ते पाहणं मला मुळीच आवडलं नाही.

परतीच्या चार तासांत मेहुणा एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर भांडता आलं असतं.

२३ मार्च, रविवार.

शांत डोक्याने विचार केला. मुलगी नवशिकी आहे. स्टुडिओचे स्पीकर भपकेबाज. कंपनीतले ज्येष्ठ लोक ऐकतील तेव्हा माझीच निवडतील. निकाल लागेपर्यंत रेकॉर्डला हात लावायचा नाही.

दुपारी लावली. नाण्याशिवाय. सुई दोनदा उडाली. नाणं परत ठेवलं.

३ एप्रिल, गुरुवार.

पत्र आलं. या वेळी ईमेल. सहकार्याबद्दल आभार. मेहुण्याची प्रत 'विलक्षण' म्हणे. माझी 'ऐतिहासिक महत्त्वाची'. सव्वीस वर्षं विमा कंपनीला पत्रं लिहिली आहेत, गाडी भंगारात काढताना मीही असेच शब्द वापरतो.

लेखाची गरज उरली नाही. झांजांचा मुद्दा आता गैरलागू आहे म्हणे. त्याऐवजी मेहुण्याकडून एक छोटी आठवण मागवली आहे: रेकॉर्डची दवाखान्यातली बावीस वर्षं. त्याने एका बैठकीत लिहून पाठवलीसुद्धा. बायकोने वाचली, पोट दुखेपर्यंत हसली. मी वाचली नाही. म्हणजे वाचली. बरी आहे. लेकाच्याचं पहिलं वाक्य माझ्यापेक्षा चांगलं आहे.

फाटक्या कव्हरची मीच दिली होती त्याला. माझ्या हाताने. वर म्हणालो होतो, जपून ठेव, तुला काय कळणार म्हणा.

१२ एप्रिल, शनिवार. दुपारी १.

बायको हात धुवून मागे लागली म्हणून कानाच्या डॉक्टरकडे गेलो. एका बंद खोक्यात बसवलं, हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. बराच वेळ काही वाजवलंच नाही. मी वाट पाहत बसलो. बाहेर आलो तर डॉक्टर म्हणाले, झाली टेस्ट.

कागदावर एक रेघ. डावीकडे ठीक, उजवीकडे घसरगुंडी. बारीक, वरचे आवाज दोन्ही कानांत जवळजवळ नाहीत. किमान आठ-दहा वर्षांपासून हळूहळू गेले असणार म्हणे. शब्दांची शेवटची अक्षरं, बेल, शिट्ट्या, सगळं त्यातच आलं. मशीन लावावं लागेल. मी म्हणालो, मशीनमधून ऐकायचं म्हणजे आयुष्यभर रीइश्यू ऐकायचे. डॉक्टरांना कळलं नाही. बायकोला कळलं, ती हसली नाही.

वाटेत तिने माझ्याकडे तोंड करून, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून सांगितलं. मी पुटपुटत नव्हते हो. चार-पाच वर्षं ओरडतेय, घसा दुखतो. मग पुढे बघून चालायला लागली. मी तिच्या मागे चालत राहिलो.

मशीनचं पुढच्या महिन्यात बघू.

१८ मे, रविवार. संध्याकाळ.

लेक आली. आईने माझ्या कानाचं सांगितलं म्हणून आली असणार, तसं बोलली नाही. येताना मामाकडून नव्या रीइश्यूची प्रत घेऊन आली. मागे मामाचं नाव, दवाखान्याची आठवण. माझं नाव सर्वात खाली, आभारांत, बारीक टाइपात. तिने बोट ठेवून दाखवलं. मी म्हणालो, रीइश्यू तो रीइश्यूच. बायको म्हणाली, झालं यांचं सुरू.

लेक आतल्या खोलीत आली. किती वर्षांनी आली असेल! दारातच क्षणभर थांबली. म्हणाली, आधी तुमची लावा. लावली. ती ऐकत राहिली, मग तिच्या कपाळाला आठी पडली. माझ्या समोर बसून स्पष्ट बोलली, आईने शिकवलंय बहुतेक. बाबा, यात टिंग टिंग होतं ना? मी हॉलमध्ये बसून त्याच्यावर पाढे म्हणायची. सत्तावीसचा पाढा मला त्याच्यामुळेच पाठ झाला. ते कुठे गेलं?

मला वाटायचं, ती भिंतीपलीकडे बसून या रेकॉर्डला शिव्या घालत असेल. ती ऐकत होती. माझ्यापेक्षा नीट ऐकत होती, आणि मी तिला एकदाही आत बोलावलं नाही.

मी म्हणालो, झिजलं. माझ्याकडून.

तिने नवी लावली. पहिल्याच मिनिटाला तिचा चेहरा खुलला. हां, हेच! बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि चक्क खाली बसली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. दोघी मायलेकी डोळे मिटून ऐकत होत्या. लेकीचं बोट खुर्चीच्या हातावर ताल धरत होतं.

मला दोन्ही सारख्याच ऐकू आल्या. झांज कुठे आहे ते तिच्या बोटावरून कळत होतं. बाजू संपेपर्यंत मी बोटाकडे बघून मान डोलावली. एकदाही चुकलो नाही.